कारखान्यातल्या माणसाचं मन: सुपरवायझर आणि एचआरने नेमकं काय करायचं

हा मजकूर एमआयडीसीतल्या शंभर ते तीनशे माणसांच्या कारखान्यासाठी आहे. चाकण असो, अंबड, वाळूज किंवा बुटीबोरी, चित्र बहुतेक ठिकाणी ओळखीचंच दिसतं. तीन शिफ्ट, कायम कामगारांच्या शेजारी त्याच मशीनवर कंत्राटी कामगार, आणि एचआरमध्ये दोन माणसं, त्यातलं एक सतत पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांच्या कागदांत. ऑफिसातल्या लोकांसाठी लिहिलेले सल्ले इथे लागू पडत नाहीत. लाइनवरच्या ऑपरेटरला 'जरा फिरून या, मोकळा श्वास घ्या' असं सांगता येत नाही, कारण तो उठला की लाइन थांबते.

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या दिवशी कँटीनमध्ये डॉक्टरांचं व्याख्यान ठेवायला काहीच हरकत नाही. मात्र कंपनीचं काम तिथूनच सुरू झालं, तर कामगार त्यातून एवढंच घरी नेतो की कंपनीच्या मते दोष आपल्या मनात आहे. म्हणून सुरुवात कामापासून करायची.

आधी शिफ्टची वही उघडा

गेल्या तीन महिन्यांचं मस्टर (हजेरीपट), ओव्हरटाइमची नोंद, फर्स्ट-एडचं रजिस्टर आणि राजीनामे एका टेबलावर घ्या आणि लाइननुसार, सुपरवायझरनुसार मांडा. न सांगता होणाऱ्या दांड्या कुठे जास्त आहेत? साप्ताहिक सुट्टी सलग दोनदा कोणाची बुडाली? डोकेदुखीच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या कुठल्या शिफ्टला जास्त जातात? एकाच सुपरवायझरच्या हाताखालची माणसं सारखी सोडून जात असतील, तर समुपदेशक नेमण्याआधी त्या सुपरवायझरशी बोला.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सेकंडवरून थेट फर्स्टला आणल्यावर. हिशोब मांडून बघा. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते, बसला पाऊण तास लागतो. सव्वाबाराला घर, मग जेवण, अंग टाकेपर्यंत एक वाजतो. सकाळी सातच्या फर्स्टसाठी बस सहाला, म्हणजे उठायचं पाचला. झोप झाली चार तास. आठवड्यातून दोनदा असं झालं की माणूस चिडचिडा होतो, विसरायला लागतो, आणि समोर पॉवर प्रेस असेल तर हातावर बेततं. दोन शिफ्टमध्ये किमान ११ तासांचं अंतर ठेवा. फिरती पुढच्या दिशेने करा: फर्स्ट, सेकंड, नाइट, मग सुट्टी. झोप पुढे ढकलणं शरीराला त्यातल्या त्यात जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. सलग नाइट तीन-चारच्या वर नसाव्यात. आठवडाभराची नाइट मोडणं शक्य नसेल, तर ती संपल्यावर दोन पूर्ण रात्री घरी झोपायला मिळतील अशी सुट्टी लावा.

तक्ता दोन आठवडे आधी लावा आणि पाळा. शिफ्ट सुटायला अर्धा तास उरला असताना 'आज थांबायचंय' म्हणणं बंद करा. आठवड्याला ४८ तास ही कायद्याची मर्यादा आहे आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्रास होतो तो ओव्हरटाइमला नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खराब मशीन दिलं जातं त्याचा. हे कुठल्याच वहीत सापडत नाही, ऑपरेटरलाच विचारावं लागतं.

पगाराचंही तसंच. कंत्राटदाराकडचा पगार ७ तारखेच्या आत पडतो की नाही, हे मूळ कंपनीने दर महिन्याला तपासायला हवं. पगार दहा दिवस लांबला की खोलीचं भाडं थकतं, हप्ता चुकतो आणि कर्जाच्या ॲपवाल्यांचे फोन बायकोला, सासऱ्याला, गावातल्या मित्राला जायला लागतात. अशा माणसाला ध्यानधारणा शिकवून काय होणार?

लाइनवर लघवीला जायला रिलीव्हर, म्हणजे तेवढ्यापुरता जागा सांभाळणारा बदली माणूस, हवा. तो नसला की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते, आणि नोंद होते 'अशक्तपणा' अशी. काल ज्याचे पार्ट रिजेक्ट झाले त्याला सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करणं हीही अनेक कारखान्यांत रूळलेली पद्धत आहे. चूक दाखवायची ती पार्ट हातात घेऊन, मशीनपाशी, त्या एकट्याला. मीटिंगमध्ये आकडा लाइनचा सांगा, नाव घेऊ नका.

एवढं केल्यावरही काही माणसं आजारी पडतातच. घरचं कारण असतं, अनुवंशिकता असते, कधी काहीच कारण सापडत नाही. पुढचा भाग त्यांच्यासाठी.

बदल ओळखणं

सुपरवायझरने निदान करायचं नाही. त्याने बघायचं एवढंच की हा माणूस आधी जसा होता तसा आता आहे का, आणि बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकलाय का. मुळात कमी बोलणारा गप्प बसला तर त्यात काही नाही. टपरीवर सगळ्यांना हसवणारा एकटा डबा खायला लागला, तर आहे.

आपल्याकडे माणूस 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, कामात लक्ष लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, असं म्हणतो. म्हणून फर्स्ट-एडवाल्याला दोन गोष्टी शिकवून ठेवा. एकच माणूस महिन्यात तीनदा गोळी मागायला आला तर 'झोप कशी लागते?' असं विचारायचं. आणि छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला टेन्शन समजून परत पाठवायचं नाही. आधी हृदय तपासून घ्यायचं, मनाचं त्यानंतर.

मशीनवर दिसणाऱ्या खुणा वेगळ्या. नेहमीचं सेटिंग चुकणं, गेज (माप तपासायचं साधन) न लावता पार्ट पुढे ढकलणं, इंटरलॉक, म्हणजे मशीनची सुरक्षेची सोय, बायपास करण्याइतका बेफिकीरपणा. याउलट दोन-तीन दिवस झोप न होताही जोमात असलेला, भरभर बोलणारा, मोठमोठे बेत सांगणारा, भसाभस पैसे उडवणारा माणूसही आजारी असू शकतो. त्याला उत्साही समजून जादा शिफ्ट दिली जाते, आणि झोप मोडली की हा आजार आणखी भडकतो. ऑनलाइन रमी आणि सट्ट्यात अडकलेला माणूस बाथरूममध्ये वीस-वीस मिनिटं घालवतो, सहकाऱ्यांकडे पाचशे-हजार मागत फिरतो. मराठवाडा-विदर्भातून आलेल्या पोरांच्या डोक्यावर घरच्या शेतीचं कर्ज असतं. पेरणीच्या दिवसांत आणि काढणीनंतर भाव पडले की त्यांच्याकडे जास्त लक्ष असू द्या.

बोलायचं कसं

काचेच्या केबिनमध्ये बोलावू नका, अख्खा शॉपफ्लोअर बघत असतो. शिफ्ट सुटल्यावर थांबवू नका, त्याचं लक्ष बसकडे असतं. शिफ्टच्या मध्यात, रिलीव्हर लावून, कामाच्या वेळेतले वीस मिनिटं काढा. ट्रेनिंग रूम रिकामी असेल तर उत्तम, नाहीतर स्टोअरमागचा बाक. आपला मोबाइल त्याच्यादेखत बंद करून खिशात घाला.

सुरुवात जे दिसलं तेवढ्यावरूनच करा, त्याचा अर्थ लावून नको. 'दादा, गेल्या तीन आठवड्यांत चारदा उशीर झाला तुम्हाला. आधी कधी व्हायचा नाही. डबाही तसाच परत नेताय. मला काळजी वाटली म्हणून बोलावलं, मेमो द्यायला नाही.' एवढं बोलून थांबा. इथेच बहुतेक सुपरवायझर चुकतात. समोरचा पाच-सात सेकंद गप्प राहिला की यांना राहवत नाही आणि ते स्वतःच बोलायला लागतात. त्याला वेळ घेऊ द्या. तो पहिल्यांदा 'काही नाही साहेब, तब्येत जरा बरी नाही' असंच म्हणणार. तेच धरून पुढे जा: 'झोप लागते का? जेवण जातं का? किती दिवस झाले?' झोप आणि जेवण यांच्याबद्दल बोलायला कुणाला लाज वाटत नाही, आणि त्या वाटेने बाकीचं येतं.

काही वाक्यं तोंडात आली तरी गिळा. 'टेन्शन घेऊ नको', 'सगळ्यांच्याच घरी असतं', 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस?', 'गावाला जाऊन ये, बरं वाटेल'. पहिल्या दोन वाक्यांनी त्याला कळतं की इथे बोलून उपयोग नाही. शेवटचं ऐकून तो खरंच गावाला जातो, बिनपगारी रजा पडते आणि परत येतो तेव्हा कर्ज वाढलेलं असतं. देवाधर्माचा सल्ला तुम्ही देऊ नका. तो स्वतःहून म्हणाला की मंदिरात, दर्ग्यात किंवा वारीत बरं वाटतं, तर त्यालाही मोडू नका.

'जगण्यात अर्थ नाही', 'सगळ्यांना माझा त्रासच आहे', 'आता सुटका झाली पाहिजे' असं काही ऐकू आलं, किंवा नुसती शंका आली, तरी सरळ विचारा: 'मरून जावं असं मनात येतं का?' विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरेल अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही. ज्याच्या मनात तो विचार असतो त्याला कुणीतरी विचारल्याचा आधार वाटतो. उत्तर 'हो' आलं तर 'कसं करायचं ठरवलंय का?' हेही विचारा आणि खालच्या तातडीच्या भागाकडे वळा.

बोलण्यातून छळाची गोष्ट निघाली, तर तिला 'ताण' म्हणून समुपदेशकाकडे ढकलू नका. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे जायला हवी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती लागते आणि तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे. तक्रार करायची की नाही, हे त्या बाईच्या वतीने तुम्ही ठरवू नका. वाट दाखवा, मुदत सांगा आणि अर्ज लिहायला मदत लागेल का विचारा.

उठण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. उद्यापासून कामात काय बदलतंय, आणि परत कधी भेटायचं. 'काही लागलं तर सांग' म्हटल्याने कुणी सांगायला येत नाही. 'गुरुवारी याच वेळी इथेच' असं सांगा आणि गुरुवारी तिथे असा. तुमच्या डायरीत एवढीच नोंद: तारीख, कामातला बदल, पुढची भेट. त्याने काय सांगितलं ते लिहू नका.

कुणाला काय कळलं पाहिजे

मदत घेण्याची सगळी इच्छा एका जागी मरते, आणि ती जागा म्हणजे टाइम ऑफिसची खिडकी. रजेच्या अर्जाला मनोविकारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट जोडलेलं असतं, खिडकीवरचा माणूस मोठ्याने वाचतो, मागे सहा जण उभे असतात. संध्याकाळपर्यंत टोपणनाव पडलेलं असतं. उपाय साधा आहे. वैद्यकीय कागद बंद पाकिटात एचआरच्या एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे जायचे, आणि टाइम ऑफिसला फक्त 'रजा मंजूर, अमुक ते अमुक तारीख' एवढीच चिठ्ठी. सुपरवायझरला आजाराचं नाव सांगायचं नाही. त्याला हवं ते एवढंच: नाइट नको, उंचीवरचं काम नको, दर मंगळवारी दोन तास लवकर सोडायचं. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्याही रजेचं कारण टाकायचं नाही, हा नियम लेखी काढा.

समुपदेशकाकडून कंपनीने तीन महिन्यांनी फक्त आकडे मागायचे: किती जण आले, ढोबळ विषय कोणते. दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाचा वेगळा आकडा मागायचा नाही, कारण तिथे आकड्यावरून माणूस ओळखू येतो. ही अट करारात लिहा. गुपित कधी मोडावं लागेल हेही पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तेव्हाच, आणि तेही त्याला सांगून.

पाठवायचं कुठे

पहिला नंबर १४४१६. ही टेली-मानस, केंद्र सरकारची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. २४ तास, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं, त्यामुळे बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांनाही उपयोगी. हा नंबर नोटीस बोर्डावर लावलाच तर कुणाचं लक्ष नसेल अशाही ठिकाणी लावा: टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि पगाराच्या स्लिपच्या मागे. लोक तिथे निवांत वाचतात.

प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. मोठ्या आजारासाठी पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. कुठल्या दिवशी ओपीडी असते, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, बस कुठली, हे एचआरने एकदा स्वतः जाऊन लिहून आणावं. 'सिव्हिलला जा' एवढंच सांगितलेला माणूस दारावरची गर्दी बघून परत येतो.

ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे त्यांना ईएसआय लागू असतं, आणि त्यात मानसिक आजारही येतो, हे बऱ्याच एचआरवाल्यांच्या ध्यानात नसतं. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजार दीर्घ आजारांच्या यादीत आहेत. दोन वर्षं सलग नोकरी झालेली असेल आणि हप्ते पुरेसे भरलेले असतील, तर त्यांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात. यासाठी ईएसआयच्याच दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं. लोक खासगी डॉक्टरचं आणतात आणि दावा अडकतो. पहिल्याच दिवशी हे सांगा.

ईएसआयच्या बाहेरच्यांसाठी ग्रुप मेडिक्लेम तपासा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये विमा कंपन्यांवर बंधन आहे की शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं. तरी अडचण राहते. बहुतेक पॉलिसींमध्ये दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे मिळतात, आणि मानसोपचारातला खर्च असतो तपासणीचा, गोळ्यांचा, समुपदेशनाचा. नूतनीकरणाच्या वेळी ओपीडीचं कलम मागा. ते महाग पडलं तर कंपनीने माणशी वर्षाला सहा भेटींचा खर्च थेट उचलावा, आणि बिलं त्या एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे जावीत.

समुपदेशक नेमताना शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तिचा क्रमांक मागा. औषध लिहून देणं हे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरचं काम, समुपदेशकाचं नाही. दोनशे माणसांना आठवड्यातून अर्धा दिवस पुरेसा ठरतो, पण वेळ शिफ्ट बदलण्याच्या आजूबाजूची हवी, म्हणजे दुपारी दोन ते सहा. खोली एचआरच्या शेजारी नको. जाण्यासाठी सुपरवायझरच्या गेटपासची अट नको. फोनवरची सेवा विकत घेतली असेल, तर करार करण्याआधी रात्री दोन वाजता स्वतः फोन लावून मराठीत बोला. उचलायला किती वेळ लागला ते कराराच्या वेळी कामी येतं. कंत्राटी कामगारांना हे सगळं लागू आहे असं करारात स्पष्ट लिहा, नाहीतर निम्मा शॉपफ्लोअर बाहेर राहतो.

गोळ्या आणि मशीन

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्रास, म्हणजे मळमळ, तोंड कोरडं पडणं, सुस्ती, पहिल्याच आठवड्यात होतो. म्हणून लोक आठव्या दिवशी गोळ्या सोडतात. या दिवसांत प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट आणि उंचीवरच्या कामापासून बाजूला ठेवा आणि हे तात्पुरतं आहे असं तारखेसकट सांगा. बरं वाटल्यावरही गोळ्या अनेकदा सहा महिने किंवा जास्त चालतात. त्या मनाने बंद करू नयेत.

फाउंड्री, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंटमध्ये एक गोष्ट खास जपायची. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्याला घाम फार गेला आणि पाणी कमी पडलं की औषधाची रक्तातली पातळी धोकादायक वाढते. हात जास्त थरथरणं, उलटी, जुलाब, चालताना तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखीच्या गोळ्यांनीही ही पातळी वाढते, आणि फर्स्ट-एडच्या पेटीत नेमक्या त्याच असतात. म्हणून गोळी देण्याआधी 'कुठली औषधं चालू आहेत का?' हा प्रश्न प्रत्येकाला विचारायची सवय लावा. कोणत्या आजाराची ते विचारायचं नाही. नाव सांगितलं तर डॉक्टरांना फोन.

सोमवारी सकाळी हात थरथरणारा कामगार बऱ्याचदा रविवारची दारू उतरल्याच्या त्रासात असतो. प्यायलेल्या माणसाला मशीनवर बसवायचं नाही, त्या दिवशी सोबत माणूस देऊन घरी पोचवायचं. 'आजपासून एक थेंब नको' असं मात्र फर्मावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जीवही धोक्यात येतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, सरकारी रुग्णालयांतही सोय असते. भरतीचा काळ रजेत धरा आणि नोकरी राहील हे लेखी द्या.

तातडीची वेळ

मरायचा विचार आहे, कसं ते ठरलंय, किंवा वस्तू हाताशी आहे असं कळलं, की तो क्षणभरही एकटा राहणार नाही हे बघा, बाथरूमपर्यंतसुद्धा कुणीतरी सोबत. मशीन, केमिकल स्टोअर, टेरेस, पाण्याची टाकी यांपासून दूर, शांत खोलीत बसवा. हाताशी कीटकनाशक किंवा ॲसिड असेल तर काढून घ्या. त्याला विचारून घरच्या एका माणसाला बोलवा. त्याच्या बोलण्यातून घरूनच धोका असल्याचं वाटलं, तर तो सांगेल त्या मित्राला. मग सोबत बसून १४४१६, आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. रिक्षात बसवून एकट्याला घरी पाठवणं ही इथली सगळ्यात घातक चूक.

प्रयत्न झालाच असेल तर १०८. विष पोटात गेलं असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, ॲसिडने दुसऱ्यांदा अन्ननलिका जळते आणि उलटी फुप्फुसात जाऊ शकते. बाटली किंवा डबा, लेबलसकट, दवाखान्यात न्या. पोलिसांच्या भीतीने कुणीही वेळ घालवू नये. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. कंपनीनेही त्यासाठी मेमो काढू नये.

सहकाऱ्याने जीव दिला तर पुढच्या शिफ्टला प्रत्येक गटाला समोरासमोर सांगा, कसं केलं याचा तपशील न देता. त्याच्यासोबत काम करणाऱ्याला, दुसऱ्या शिफ्टला त्याच मशीनवर असणाऱ्याला आणि शेवटचा वाद ज्याच्याशी झाला त्या सुपरवायझरला त्याच आठवड्यात वेगळं भेटा. लॉकर उघडायला जवळच्या मित्राला लावू नका. घरच्यांना पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पीएफला जोडलेला विमा, ज्यात ७ लाखांपर्यंत मिळतात, यांचे फॉर्म एचआरने स्वतः भरून सहीला घरी न्यावेत.

परत आल्यावर

'सर्व कामास योग्य' असं सर्टिफिकेट मागू नका. डॉक्टर ते लिहायला कचरतात किंवा दडपणाखाली लिहितात. त्याऐवजी त्याच्या संमतीने तीन प्रश्न पाठवा: नाइट चालेल का आणि कधीपासून, फिरत्या मशीनवर किंवा उंचीवर चालेल का, रोज किती तासांपासून सुरुवात करावी?

चालणारा साचा असा: पहिला आठवडा दिवसाच्या शिफ्टला चार तास, दुसरा सहा तास, तिसरा पूर्ण शिफ्ट पण टार्गेट सैल, चौथ्यात टार्गेट नेहमीचं पण ओव्हरटाइम नाही. नाइट डॉक्टर म्हणतील तेव्हा. पहिल्या दोन आठवड्यांचा पगार पूर्ण द्या. अर्धा दिला तर माणूस पहिल्याच सोमवारी पूर्ण शिफ्ट मागतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा आडवा पडतो. न केलेल्या तासांची एकूण रक्कम बघितली तर ती साधारण पाऊण आठवड्याच्या पगाराइतकी होते.

'सोपं काम' म्हणून गेटवर किंवा झाडूला बसवू नका. तो आणि बाकीचे, दोघंही त्याला शिक्षा समजतात. स्वतःच्याच लाइनवर इन्स्पेक्शन किंवा पॅकिंग असेल तर ते द्या. येण्याआधी फोन करून विचारा की कँटीनमध्ये लोकांनी विचारलं तर काय सांगायचं. बऱ्याच जणांना 'तब्येतीचं होतं, आता बरं आहे' हे पुरतं. सुपरवायझरनेही तेच वाक्य वापरायचं, दुसरं नाही. दर आठवड्याला दहा मिनिटांची भेट, किमान तीन महिने. सगळे दुसऱ्या आठवड्यापर्यंत जपतात, तिसऱ्यात माल अडकतो, आणि भेट राहून जाते ती इथेच.

सर्व्हे करण्याआधी

नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सहज मिळते आणि ती सगळ्यांकडून भरून घ्यायचा मोह होतो. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. निनावी कागदावर कुणी तिथे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली, तर तुमच्याकडे माहिती असते आणि माणूस सापडत नाही. ही प्रश्नावली समुपदेशकाच्या खोलीतच राहू द्या. कामगारांना विचारायचे ते कामाचे प्रश्न: तक्ता वेळेवर कळतो का, सुट्टी बुडते का, सुपरवायझरला अडचण सांगता येते का, पाणी आणि लघवीला जाता येतं का. फॉर्म मराठीत आणि हिंदीत, नाव-टोकन नंबर नको, आणि पेटी कंत्राटदाराच्या ऑफिसपासून लांब ठेवा. उत्तरांतून निघालेली एक तरी गोष्ट ३० दिवसांत बदलून नोटीस बोर्डावर लावा, तरच पुढच्या वेळी फॉर्म भरून परत येतील.